खिळ्यावरच्या किल्ल्या

सिंधूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा अंगठा देवेशच्या हातात होता.

देवेश माझा भाचा. मोताळ्यातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली मी त्याला ऑनलाइन कामांच्या सेंटरसाठी दिली होती. दाखले, पीक विमा, कॉलेजांचे फॉर्म, सगळं तिथे होई. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रावर तो म्हाताऱ्या बायांचे अंगठे रबरी शिक्का दाबावा तसे दाबायचा. ठसा उठला नाही की टेबलावरच्या फडक्याने अंगठा पुसायचा. त्याच फडक्याने तो कीबोर्ड पुसत असे आणि गुटखा थुंकून आल्यावर तोंडही. त्या फडक्याचा मूळ रंग कोणता होता, हे मला आठवत नाही. ते रोज माझ्या नजरेसमोर असे. मी कधी काही बोललो मात्र नाही.

"ते फडकं राहू द्या," त्या बाई म्हणाल्या. त्यांनी अंगठा सोडवून घेतला, पदराला पुसला आणि स्वतःच यंत्रावर ठेवला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय लिहून राह्यलं ते?"

"ऑथेंटिकेशन फेल," देवेश म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे होत नाही."

"होत नाही ते मलेही दिसते. त्या शब्दाचा अर्थ काय?"

देवेश हसला. "बाई, तुम्हाले अर्थ कायले पाह्यजे? काम झाल्याशी मतलब."

"अंगठा माहा हाय ना देवेशभाऊ, म्हून पाह्यजे."

मग त्यांनी पिशवीतून एक शाळेची वही काढली आणि माझ्याकडे वळल्या. मी कोपऱ्यात पेपर वाचत बसलो होतो. "भाऊसाहेब, तुम्ही सांगा."

तहसीलमध्ये मी चौतीस वर्षं कारकून होतो. लोक अजूनही मला भाऊसाहेबच म्हणतात. मी चाचरत म्हणालो, "ओळख पटली नाही, असं म्हणतंय ते." त्यांनी वहीत तो शब्द लिहिला आणि पुढे लिहिलं, 'यंत्राले माही ओळख पटली नाही.' वही बंद करून म्हणाल्या, "इतके दिवस मानसाइले पटवत होतो. आता यंत्राले पटवा."

सिंधूताई मोताळ्यापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात राहतात. शिक्षण दहावीपर्यंत. यजमान दयाराम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ताई स्वतः अंगणवाडी सेविका. काही वर्षांपूर्वी त्यांना कामासाठी मोबाइल मिळाला. कोणत्या मुलाचं वजन किती, कोणत्या गरोदर बाईला गोळ्या पोचल्या, हे सगळं त्यात भरायचं. त्यातले शब्द सगळे इंग्रजी. बाकीच्या सेविका कुणाकडून तरी भरून घेत. ताईंनी एकेक शब्द गाठून विचारला. कधी बँकेतल्या बाईला, कधी एस.टी.त शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरीला, कधी पोस्टमनला. विचारलं की वहीत लिहायचं, आणि लिहायचं ते आपल्या भाषेत. सांगणाऱ्याने मोठी व्याख्या सांगितली तर त्या म्हणत, "असं नाही. माह्या जावेले सांगता येईन असं सांगा."

ती वही पुढे मी बरीच चाळली आहे. त्यातलं काही मला पाठ झालं आहे.

'वेबसाइट म्हंजे गाव. ब्राउजर म्हंजे गावाले नेणारी गाडी. लिंक म्हंजे गाडीची पाटी. पाटी नीट वाचल्याबिगर बसाचं नाही. बँकेची पाटी लावून भलतीकडं नेणाऱ्या गाड्या लई हायेत.'

'अपलोड म्हंजे आपला कागद तिकडं देणं. डाउनलोड म्हंजे तिकडचा इकडं आणणं. दिल्याची पोच घ्यावी.'

'ओटीपी म्हंजे एका खेपेची सही. ज्याच्या मोबाइलवर येते, सही त्याची.'

'लॉगआउट म्हंजे निघताना कडी लावणं.'

असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या निवृत्तीच्या अगोदर आमच्या कार्यालयात संगणक आले, तेव्हा दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवणारा इतक्या भरभर बोलत होता की पहिल्या अर्ध्या तासात मी हरवलो. पुन्हा विचारायची लाज वाटली. पुढची सगळी वर्षं मी मान डोलावत काढली.

सिंधूताईंना ती लाज नव्हती. म्हणूनच देवेशला त्या डोळ्यासमोर नको असत. बाजाराच्या दिवशी त्या यायच्या, बरोबर गावातल्या दोनतीन बाया असायच्या. दारातल्या बाकावर बसून त्या बायांना समजावून सांगत. देवेशला एखादं काम करायचं नसलं की त्याचं एकच उत्तर असे, सर्व्हर डाऊन आहे. जेवायची वेळ झाली, सर्व्हर डाऊन. फोनवर मित्राशी बोलायचं आहे, सर्व्हर डाऊन. लोक बिचारे पावसाची वाट बघावी तसे पडद्याकडे बघत आणि उन्हात उभे राहत.

एकदा झुंबरबाई नावाची सत्तरीची बाई निराधार पगाराच्या कामासाठी तिसऱ्यांदा आली होती. देवेशने मान वर न करताच सांगितलं, "सर्व्हर डाऊन हाय आजी. पुढच्या बाजारी या."

सिंधूताई बाकावरून म्हणाल्या, "सर्व्हर म्हंजे रेकॉर्ड रूम ना हो देवेशभाऊ? जिथं साऱ्याइचे कागद ठेवलेले असतात?"

"हाव. तसंच समजा."

"मंग तिथंच कुलूप असन तर साऱ्याइलेच बंद असन. बुलढाण्यालेही बंद असन."

"असनच ना."

त्यांनी तिथूनच बुलढाण्याला आपल्या मावसबहिणीला फोन लावला. "अवं, तुह्या पोराले तो निराधारचा फॉर्म उघडून पाह्य म्हणा. उघडते का? हाव? अन् पुढं जाते? बरं, ठेव." मग शांतपणे म्हणाल्या, "देवेशभाऊ, बुलढाण्याले चालू हाय. डाऊन हाय ते इथलंच कोनीतरी हाय."

बाया हसल्या. झुंबरबाईंचं काम दहा मिनिटांत झालं. मी पेपरच्या आड तोंड लपवलं. मला हसू आलं म्हणून नव्हे. तहसीलमध्ये आमचंही असंच एक वाक्य होतं, 'साहेब दौऱ्यावर आहेत.' साहेब आत चहा पीत असत. ते वाक्य मी किती माणसांना ऐकवलं असेल, सांगता येत नाही. देवेशची किळस येत होती, आणि हा मुलगा काही आकाशातून पडलेला नाही, हेही कळत होतं.

देवेशच्या कामाची एक रीत इथे सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. आमच्याकडे लोकांचे मोबाइल नंबर टिकत नाहीत. स्वस्त कार्ड मिळालं की जुनं जातं. मग फॉर्मचे निरोप हरवतात. यावर देवेशने उपाय काढला होता. तो प्रत्येकाच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकायचा आणि स्वतःचाच ई-मेल. पासवर्डही सगळ्यांचा एकच, 'देवेश ॲट वन टू थ्री'. ते तो संगणकात कायमचे जपून ठेवायचा, म्हणजे दरवेळी लिहायला नको. आसपासच्या चाळीस खेड्यांतली पोरं, बाया, शेतकरी, सगळ्यांच्या खात्यांना माझ्या भाच्याचं नाव लागलं होतं. लोकांना यात वावगं वाटत नव्हतं. रेशन कार्ड दुकानदाराकडे आणि बँकेचं पुस्तक सोसायटीच्या माणसाकडे ठेवायची त्यांना पिढ्यांची सवय. कुणीतरी जबाबदार माणूस सांभाळतो आहे, एवढं पुरे.

"म्हंजे भिंतीवर एक खिळा," सिंधूताई एकदा त्याला म्हणाल्या, "अन् त्याच्यावर साऱ्या गावाच्या किल्ल्या. अन् साऱ्या किल्ल्या एकसारख्या."

"मंग न्या ना तुमची किल्ली," देवेश तडकला. "कोनं अडवलं? पण मेसेज चुकला तर माह्याकडं रडत यायचं नाही."

त्यांनी आपली स्वतःची खाती नेलीही. पण मुलगी महामाया हिचं नेता आलं नाही. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायच्या दिवशी ताई अंगणवाडीच्या बैठकीला गेल्या होत्या. महामाया वडिलांबरोबर आली, देवेशने त्याचा नंबर टाकला आणि फॉर्म गेला. प्रवेश पूर्ण होईपर्यंत नंबर बदलता येणार नव्हता.

महामायाला मार्क चांगले होते. पहिल्याच यादीत दोन जिल्हे पलीकडच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा लागली. सिंधूताई पेढे घेऊन आल्या. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं हे पहिलं माणूस. देवेशने तिच्या खात्यात जाऊन 'जागा स्वीकारली' हे बटण दाबलं, पावती छापून दिली आणि दोन पेढे तोंडात टाकले. सहा दिवसांत कॉलेजात कागद द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. सेंटरमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. मी नेहमीच्या खुर्चीवर. देवेशला फोन आला, मलकापूर रस्त्याकडे राहणाऱ्या एका वकिलांचा. त्यांची मुलगी गार्गी. तिलाही त्याच कॉलेजात जागा लागली होती, पण तिला आता पुण्यात प्रवेश मिळाला होता, म्हणून इथली जागा रद्द करायची होती. देवेश पोहे खात होता. एका हाताने फोन कानाशी धरून, दुसऱ्या हाताच्या तेलकट बोटाने तो कळा दाबत होता. "हाव वकीलसाहेब. करून टाकतो. दोन मिनिटाचं काम."

मी पेपरचं पान उलटताना सहज पडद्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात नाव होतं. अक्षरं इंग्रजी असली तरी मोठी होती. महामाया.

मी म्हणालो, "देवेश, ते नाव..."

"मामा, तुम्ही पेपर वाचा ना बापा," तो फोनवर हात ठेवून म्हणाला. त्याच्या मोबाइलवर टिंग वाजलं. त्याने आकडे पाहिले आणि संगणकात टाकले. "झालं साहेब. कॅन्सल."

भिंतीवरचं घड्याळ अकरा अडतीस दाखवत होतं. मला वाटलं, आपल्याला त्यातलं काय कळतं? कदाचित तिचंही नाव तिथे दिसत असेल. कदाचित यादी असेल. मी पेपर वाचू लागलो. काय वाचलं ते आठवत नाही. ते नाव पुढचे चार दिवस माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही, तरी मी तोंड उघडलं नाही.

पाचव्या दिवशी सिंधूताई आणि महामाया थेट त्या कॉलेजातूनच परत आल्या. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. कॉलेजने सांगितलं होतं की जागा तुम्हीच रद्द केली आहे.

देवेशने नोंद पाहिली. त्याला त्या क्षणी सगळं कळलं, हे मी त्याच्या मानेकडे बघून ओळखलं. तो वळला तेव्हा चेहरा नेहमीचा होता. "सर्व्हरचा घोळ हाय ताई. असं होते. तांत्रिक कारण."

"कॉलेजातली बाई म्हणे, ओटीपी टाकून रद्द झालं," सिंधूताई म्हणाल्या. "अकरा अडतीसले. ओटीपी म्हंजे सही. सही कोनाच्या मोबाइलवर आली?"

"आता हजार मेसेज येतात. मी काय याद ठेवू? तुमच्या पोरीनंच कुठं कॅफेत दाबलं असन."

महामाया पहिल्यांदा बोलली. "मले पासवर्डच माहीत नव्हता दादा. तुम्ही कधी सांगितलाच नाही."

"हिस्टरी उघडा," ताई म्हणाल्या.

"काय?"

"हिस्टरी. यंत्राचा हजेरीपट. त्या दिवशी त्या वेळी हे यंत्र कुठं कुठं गेलतं, ते लिहिलेलं असते ना? उघडा."

"उघडतो ना," देवेश गोड आवाजात म्हणाला. "बसा तुम्ही. महामाया, पाणी पे बेटा." असं म्हणत त्याने खुर्ची जरा आडवी फिरवली. त्यांना पडदा दिसत नव्हता. मला दिसत होता. त्याने एक यादी काढली, सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि खालचं बटण दाबलं. यादी पांढरी झाली. मग मोबाइल हातात घेऊन अंगठ्याने तेच केलं. तोंडाने "पाणी घेतलं का? गार हाय" चाललंच होतं. मग त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "पाहा. काहीच नाही."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी पाहिल्या आहेत. फायलींची पानं फाटताना पाहिली आहेत. पण दुसऱ्याच्या मुलीला पाणी देत देत केलेली ती सफाई पाहून मला खरोखर ओकारी आली. मी उठून मागच्या मोरीत गेलो.

परत आलो तेव्हा सिंधूताई म्हणत होत्या, "इथली पुसली. तिथल्या रेकॉर्ड रूममधली कोन पुसन?" त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला, लाऊडस्पीकर सुरू केला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एका बाईने सांगितलं की चुकून रद्द झालं असेल तर उद्या दुपारी चारच्या आत बुलढाण्याच्या मदत केंद्रावर अर्ज द्या. सोबत ज्याने रद्द केलं त्याचं लेखी किंवा समोर पाहणाऱ्याचं लेखी लागेल. उद्या संध्याकाळी दुसरी यादी लागणार. एकदा जागा दुसऱ्याला गेली की काही करता येणार नाही.

"देवेशभाऊ, लिहून द्या," ताई म्हणाल्या. "चूक मानसाकडूनच होते. मी तुमच्याइरुद्ध काही करत नाही. फक्त चूक झाली म्हणून लिहा."

"मी लिहिलं तर माह्या सेंटरचं लायसन जाईन. तुमच्या एका पोरीपायी मी पोटावर पाय देऊ?" मग आवाज उतरवून म्हणाला, "पुढच्या वर्षी भरू ना फॉर्म. फुकट भरून देतो."

महामाया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या भिंतीवर गुटख्याचे ओघळ होते.

सिंधूताई माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, तुम्ही रोज इथंच असता. अकरा अडतीसले होते?"

देवेश माझ्याकडे बघत होता. बहिणीचा एकुलता एक मुलगा. मी म्हणालो, "मला त्यातलं काही समजत नाही."

"समजत नाही ते मी विचारलं नाही. दिसलं काय ते विचारलं."

मी पेपर उचलला. सिंधूताई मुलीचा हात धरून गेल्या.

घरात प्रतिमा, माझी पत्नी, सगळं ऐकत उभी होती. ती म्हणाली, "अहो, पोटात काय आहे ते बाहेर काढा. मोरीत जाऊन काय उपयोग?"

मी सांगितलं. सगळं. तिने देवेशला एक शब्द विचारला नाही. माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं. मी तासभर बसलो. माझं अक्षर चांगलं आहे, तेवढीच एक गोष्ट माझ्याकडे आहे. मी लिहिलं: 'मी खाली सही करणार असे नमूद करतो की, उपरोक्त दिनांकी सदर केंद्रावर तांत्रिक कारणामुळे व अनवधानाने कु. महामाया हिची जागा रद्द झाल्याचे निदर्शनास आले आहे.' सही केली, तारीख घातली. हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर सिंधूताई बुलढाण्याच्या गाडीची वाट बघत होत्या. महामाया शेजारी, मांडीवर कागदांची पिशवी. मी कागद दिला. ताईंनी वाचला. पुन्हा वाचला. मग पिशवीतून ती वही आणि पेन काढलं.

"भाऊसाहेब, 'तांत्रिक कारण' म्हंजे?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"सांगा ना. वहीत लिहून घेते. कोनतं यंत्र बिघडलं होतं?"

"कोणतंच नाही."

"मंग 'रद्द झाली' म्हंजे? जागा आपोआप रद्द होते? बोट कोनाचं होतं?"

"देवेशचं."

"निदर्शनास म्हंजे कोनाच्या डोळ्याले?"

"माझ्या."

"मंग हे काऊन नाही लिहिलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "सारे शब्द मी इंग्रजीतले विचारत फिरली भाऊसाहेब. मले वाटे, इंग्रजी हाय म्हून कळत नाही. हे तर मराठी हाय. अन् याच्यातूनही कोनी काही केलंच नाही असंच निघते."

स्टँडवर माणसं होती. कुणी ऐकलं की नाही, माहीत नाही. चौतीस वर्षं मी हीच भाषा लिहिली. प्रशासकीय कारणास्तव. अपरिहार्य कारणास्तव. निदर्शनास आले आहे. किती अर्ज त्या वाक्यांनी परत गेले असतील, आणि घरी नेऊन ते कागद वाचणाऱ्यांनी किती वेळा ठरवलं असेल की आपल्यालाच काही समजत नाही. मला माझ्या चांगल्या अक्षराची शिसारी आली.

त्यांनी वहीचं कोरं पान फाडून माझ्यापुढे धरलं. "माह्या जावेले समजन असं लिहा."

मी बाकावर बसून गुडघ्यावर लिहिलं. 'माझा भाचा देवेश पोहे खात होता. त्याला गार्गीची जागा रद्द करायची होती. त्याने महामायाचं खातं उघडलं. पडद्यावर महामाया असं नाव मी वाचलं. मी बोललो, पण त्याने ऐकलं नाही आणि मी पुन्हा बोललो नाही. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर आला. त्याने रद्दचं बटण दाबलं. घड्याळात अकरा अडतीस झाले होते. नंतर त्याने संगणकातली आणि मोबाइलमधली नोंद पुसली, ते मी पाहिलं.' अक्षर वेडंवाकडं आलं.

ताईंनी वाचून घडी घातली. "चला," म्हणाल्या. "तुम्हीही चला."

मदत केंद्रावर टेबलामागे एक तरुण अधिकारी होते. त्यांनी कागद वाचला आणि मला विचारलं, "आजोबा, एकीचं रद्द करायला गेले आणि दुसरीचं खातं उघडलं, असं कसं होईल? पासवर्ड वेगळे असतात. तुम्हाला कॉम्प्युटर कळतो का?"

मी सिंधूताईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. खाली बघत राहिल्या. मग मीच बोललो. "कॉम्प्युटर कळत नाही साहेब. पण त्याच्याकडे भिंतीवर एक खिळा आहे असं समजा. सगळ्यांच्या किल्ल्या त्यावर. संगणकच त्या जपून ठेवतो आणि जी शेवटी वापरली ती सगळ्यात वर येते. आदल्या दिवशी त्याने महामायाची वापरली होती. त्या दिवशी न बघता वरची काढली."

अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी गार्गीचं नाव शोधलं. गार्गीची जागा रद्द झालेलीच नव्हती. जशीच्या तशी होती. त्यांनी वकिलांना फोन लावला. वकील म्हणाले, "अहो, ती तर मागच्या आठवड्यातच रद्द केली. देवेशनं अकरा-साडेअकराला केली ना."

पावणेतीन वाजता महामायाची जागा तिच्या नावावर परत आली. अधिकाऱ्यांनी नंबर बदलून तिचा स्वतःचा घातला. ती तिथेच खाली बसली आणि रडली. सिंधूताई रडल्या नाहीत. त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "पोच?"

देवेशचं काय झालं, तर फारसं काही नाही. मी त्याला खोली खाली करायला सांगितलं. महिन्याभरात त्याने स्टँडजवळ दुसरं दुकान थाटलं, आधीपेक्षा मोठी पाटी लावून. रांग तशीच आहे. किल्ल्या तशाच आहेत. ज्यांना मी हे सांगितलं त्यांतले बरेच म्हणाले, "चुकते मानूस. पण काम फटाफट करते." बहीण माझ्याशी बोलत नाही. याची मला आधी जितकी भीती वाटत होती तितकं दुःख आता होत नाही, याचंच थोडं नवल वाटतं.

महामाया हॉस्टेलला जायला निघाली त्या दिवशी मायलेकी आमच्याकडे आल्या. गाडीला वेळ होता. रिकाम्या खोलीत प्रतिमाने चटई घातली. महामाया आपल्या मोबाइलवर 'देवेश ॲट वन टू थ्री' काढून स्वतःचा पासवर्ड घालायला बसली. तिने पहिलं अक्षर दाबायच्या आत सिंधूताईंनी तोंड फिरवलं आणि दाराबाहेर रस्त्याकडे बघत बसल्या.

प्रतिमा हसली. "अहो ताई, मायलेकीत काय लपवायचं?"

"लपवाचं नाही वैनी," ताई तशाच बाहेर बघत म्हणाल्या. "तिचं हाय ते."

मग मीही तोंड फिरवलं. समोर भिंत आली. दोनदा चुना मारला आहे, तरी गुटख्याचे ओघळ वर दिसतातच.